रस्ता आणि ड्रॅग स्ट्रिप (सरळ रेषेतल्या शर्यतीचा मार्ग), दोन्हींसाठी पिकअपचं मागचं सस्पेन्शन: पाटे, लॅडर बार की फोर-लिंक?

पिकअपचा हौदा रिकामा, वजन सगळं पुढे. ताकद वाढवली की चाकं जागीच फिरतात, नाहीतर मागचा ॲक्सल थाडथाड उड्या मारतो. उड्यांचं मूळ पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये) आहे. पिनियन (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला जोडलेलं ॲक्सलमधलं गिअर) वर चढू पाहतो, पाटा नागमोडी मुरडतो, टायरची पकड सुटते, पाटा सरळ होतो आणि पुन्हा तेच चक्र. युनिव्हर्सल जॉइंट (प्रोपेलर शाफ्टचे वळणारे सांधे) बहुतेक वेळा इथेच तुटतात.

गाडी मुख्यतः रस्त्यावर चालणार असेल तर पाटे ठेवा आणि कॅलव्हर्ट रेसिंगचे कॅलट्रॅक बार लावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाट्याच्या पुढच्या डोळ्यापाशी फिरणारं ब्रॅकेट आणि तिथून ॲक्सलखालच्या प्लेटपर्यंत दांडा, एवढीच रचना. ॲक्सल मुरडू लागला की दांडा पुढे रेटला जातो, ब्रॅकेट फिरतं आणि पाट्याचा पुढचा भाग खाली दाबून धरतं. एरवी तो दांडा सस्पेन्शनच्या आड येत नाही, हा त्याचा खरा फायदा. गाडी चाकांवर उभी ठेवा, ड्रायव्हरइतकं वजन सीटवर ठेवा, दांड्यातली ढिलाई हाताने काढा आणि मग साधारण पाव फेरा ताण द्या. चिरलेला किंवा बसलेला पाटा मात्र आधी बदला. बार त्याला वाचवणार नाही.

साधे स्लॅपर बार (पाट्याखाली लावायचे, पुढच्या टोकाला रबर असलेले दांडे) स्वस्तात काम करतात, पण रबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याखालीच टेकायला हवं. मध्ये टेकलं तर पाटाच वाकतो.

गाडी खाली बसवण्यासाठी फ्लिप किट (ॲक्सल पाट्यांच्या वर बसवणारा संच) लावलं असेल तर पिनियन अँगल (पिनियनचा कल) नव्याने घ्यावाच लागतो. प्रोपेलर शाफ्टच्या तुलनेत नुसत्या पाट्यांना 5 ते 7 अंश खाली, ट्रॅक्शन बार (कॅलट्रॅक किंवा स्लॅपर) असतील तर थोडा कमी, लॅडर बार किंवा फोर-लिंकला 1 ते 2. पर्च (ॲक्सलवरची पाट्याची बैठक) आधी वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांवर धरा, मोजा, मग थांबत थांबत वेल्ड करा. सलग वेल्डिंगने ॲक्सलची नळी वाकते.

लॅडर बार सरळ सुटायला उत्तम, जुळवणीही थोडी. पण दांडा ॲक्सलला दोन ठिकाणी घट्ट आणि पुढे एकाच बिंदूवर असतो. एक चाक वर गेलं की ॲक्सल पिळला जातो, वळणावर गाडी अडकल्यासारखी वाटते आणि कालांतराने ब्रॅकेटला चिरा जातात. रोजच्या गाडीला आम्ही तो सुचवणार नाही.

समांतर फोर-लिंक (ॲक्सलला चार दांड्यांनी धरणारी मांडणी) घ्यायचा तर पॅनहार्ड बार (ॲक्सल बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) हवा आणि दांड्याचं प्रत्येक भोक बदलल्यावर मोजायची तयारीही हवी. रस्त्यावरच्या धुळीने रॉड एंड (दांड्यांच्या टोकांचे फिरते सांधे) लवकर ढिले होतात आणि खडखडतात.

1967 ते 1972 च्या शेव्हरोले सी10 ला कारखान्यातूनच लांब ट्रेलिंग आर्म (पुढून मागे ॲक्सलपर्यंत जाणारे दांडे) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. नॅसकारच्या (अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या) गाड्यांनी हीच मांडणी उचलली. ती कापून टाकायची घाई करू नका. लांब पॅनहार्ड बार लावला की ॲक्सलचं बाजूला सरकणं कमी होतं, आणि चांगले शॉक लावले की बरंच काम झालं.

शॉक मात्र सगळीकडे दुहेरी ॲडजस्टेबलच (दबणं आणि उघडणं वेगवेगळं जुळवता येणारे) घ्या. सुटताना टायर आधी दबून पकड घेतो आणि लगेच सोडतो, असं असेल तर मागच्या शॉकचं उघडणं एकेक क्लिकने घट्ट करा. पहिल्या क्षणापासूनच चाक फिरत असेल तर ते ढिलं करा.