घर वाढवताना ठेवलेली खर्चाची वही : पंधरा महिन्यांनंतरचा अनुभव

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या जुन्या कौलारू घराला मागच्या बाजूने 42 चौरस मीटरची वाढ केली आणि त्याच कामात जुन्या भागाचे छप्पर, वायरिंग आणि न्हाणीघर नवे करून घेतले. नोव्हेंबर 2024 मध्ये, दिवाळी झाल्यावर काम सुरू केले. नव्या खोलीत सासूबाई आता आठ महिने झोपत आहेत, एक अख्खा पावसाळा घरावरून गेला आहे. म्हणून आता लिहायला हरकत नाही. लिहायचे आहे ते खर्चाच्या वहीबद्दल. घर अर्धवट न राहता पुरे झाले ते तिच्यामुळे, असे मला मनापासून वाटते.

आधी मोबाईलवर ॲप घेतले होते. तीन आठवडे वापरले. किती गेले ते त्यात नीट दिसायचे, पण मला रात्री झोप उडवणारा प्रश्न वेगळा होता : अजून किती लागणार? मग दोनशे पानी वही आणली. प्रत्येक कामाला एक पान आणि पानावर चार रकाने. ठरलेले, दिलेले, झालेले काम, आणि चौथा ‘पुरे करायला अजून’. चौथा रकाना वजाबाकी करून भरायचा नाही, हा एकच नियम. दर शनिवारी कामगारांचा पगार वाटून झाला की मेस्त्रींना बसवून प्रत्येक कामाचे नव्याने विचारायचे. न्हाणीघराला 70,000 धरले होते, जानेवारीपर्यंत 40,000 दिले. वजाबाकीने 30,000 उरतात. मेस्त्रींनी टाइल्स, दरवाजा, नळकाम मोजून सांगितले, 48,000 लागतील. हे टाइल्स घ्यायच्या आधी कळले, म्हणून मधल्या किमतीच्या टाइल्स घेता आल्या.

इस्टिमेटची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. पहिल्या काँट्रॅक्टरने एका पानावर लिहून दिले होते, सगळे धरून 16 लाख. इंजिनिअरने काढलेले इस्टिमेट चार पानी आले, 17,34,000 चे. त्यातले वाढीव बांधकाम 11,34,000, म्हणजे चौरस मीटरला 27,000. छपराला 3,60,000 आणि वायरिंग-न्हाणीघराला 2,40,000. घरात सगळ्यांना पहिले स्वस्त वाटले. पण त्या एका पानात वायरिंग नव्हते, बाहेरचा रंग नव्हता, सेप्टिक टाकीची जोडणी नव्हती. चार पानांत चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, बांधकाम घनमीटरवर, गिलावा चौरस मीटरवर, लोखंड किलोवर असे मोजून लिहिले होते. मोजलेले असले की भांडण मापावर होते, माणसांत होत नाही. आम्ही दुसरे घेतले, आणि इंजिनिअरच्या सांगण्यावरून 15 टक्के, म्हणजे 2,60,000, बाजूला राखून ठेवले.

मापाचा उपयोग कसा झाला ते लोखंडावरून सांगते. स्लॅबच्या आधी 12 मिलिमीटरच्या सळया आल्या. पावतीवर 460 किलो. संध्याकाळी मुलाला घेऊन सळया मोजल्या, 40 भरल्या, प्रत्येकी 12 मीटरच्या. सळईचे वजन काढायचे सूत्र सोपे आहे. व्यासाचा वर्ग करून 162 ने भागले की मीटरला किती किलो ते मिळते. 12 ला 144, भागिले 162, म्हणजे 0.89 च्या आसपास. एक सळई साधारण 10.66 किलो, चाळीस मिळून 426. पाच टक्क्यांचा फरक या मापात चालतो, पण इथे 34 किलो, म्हणजे आठ टक्के जास्त लावले होते. 65 रुपये दराने 2,210 रुपये. दुकानदाराला वहीतले पान दाखवले. त्याने काही न बोलता पुढच्या बिलातून ते कमी केले. रक्कम मोठी नव्हती, पण त्या दिवसापासून आमच्या अंगणात येणारा माल मोजूनच उतरू लागला.

सगळ्यात मोठा घाव छपराने घातला. खालून पाहताना वासे काळेभोर आणि दणकट दिसायचे. मे महिन्यात कौले उतरवल्यावर मेस्त्रींनी हातोडीने एकेक वासा ठोकून पाहिला. चौथ्याला आवाज बदलला. ते वरूनच म्हणाले, “बाय, वासो भितरल्यान पोकळ जाला.” वाळवीने निम्मे वासे आतून खाल्ले होते, वर फक्त रंगाची साल उरली होती. दोन दिवसांत 3,60,000 चे 4,65,000 झाले. वर त्या वर्षी, 2025 मध्ये, पाऊस जूनची वाट न पाहता मेमध्येच आला. अर्धे छप्पर उघडे, खाली धान्याच्या पिंपांवर ताडपत्री, आणि सासूबाई देवघराच्या दारात खुर्ची घालून बसलेल्या. मी त्या रात्री वही उघडली. राखीव रकमेत पैसे होते, हे कागदावर दिसले. घाबरून उधार लाकूड उचलायची वेळ आली नाही, भाव विचारून घेता आले. जुने घर उघडायचे असेल तर छपराच्या पानावर राखीव रक्कम वेगळी आणि मोठी धरा, आणि शक्य असेल तर इस्टिमेटआधीच चार ठिकाणची कौले काढून सुताराला वासे ठोकून पाहायला लावा. आम्ही हे केले नाही.

जी पाने मी आधी उघडलीच नाहीत, त्यांनी 1,18,000 नेले. पंचायतीचा बांधकाम परवाना, नगर नियोजन खात्याची मंजुरी, नकाशे, सासऱ्यांच्या भावांच्या संमतीचे कागद, विजेचा भार वाढवणे, राडारोडा उचलणे, मागच्या पडवीत थाटलेले तात्पुरते स्वयंपाकघर, आणि पाण्याचे टँकर. स्लॅब फेब्रुवारीत पडला. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले, होते, म्हणून स्लॅब पक्का व्हायला दहा दिवस पाणी मारायचे होते, आणि विहीर तळाला गेलेली. हे खर्च कुठल्याच काँट्रॅक्टरच्या कागदात नसतात.

एकूण वाढ मिळून तीन लाखांची झाली, म्हणजे राखीव संपून 40,000 कमी पडले. ते माझ्या भिशीतून आले. बँकेचे कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते आणि आपला वाटा आधी घालावा लागतो, त्यामुळे हातात रोख किती राहील याचे एक पान ठेवाच. करात सूट मिळेल या हिशेबाने कर्ज वाढवू नका. दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट जुन्या करपद्धतीत वर्षाला 30,000 पर्यंतच असते.

आता घराचे. जुन्या कौलांचा उतार नव्या भागाला भिडतो तिथली पन्हळ नऊ इंचांची ठरली होती. मेस्त्री पंधरा इंचांसाठी अडून बसले, 6,500 जास्त गेले. जुलैच्या झडीत त्या सांध्यातून एक थेंब आत आला नाही. मात्र जुनी मातीतली चिऱ्यांची भिंत आणि नवी भिंत यांच्यामध्ये मोकळा सांधा ठेवा, असे इंजिनिअरने सांगितले असताना चांगले दिसावे म्हणून आम्ही त्यावरून सलग गिलावा केला. सप्टेंबरमध्ये तिथे वरपासून खालपर्यंत उभी चीर गेली. चूक आमची.

चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, खर्चही वहीत होता. वसरीतले वासे बदलल्यावर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायची जुनी कडी गेली होती. सासूबाईंनी आठवण केली म्हणून चार नवी कडी लाकडात बसवून घेतली, 1,200 रुपये. 27 ऑगस्टला माटोळीचा भार त्या कड्यांनी नीट पेलला. त्या पानावर सासूबाईंनी स्वतः बरोबरची खूण केली आहे.

आता इस्टिमेट काढणाऱ्यांनी आमच्या बिलांतले सिमेंटचे भाव धरू नयेत. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. आमची बहुतेक पोती त्याआधीच आली होती.

वहीत सध्या दोनच पाने उघडी आहेत. एक त्या चिरेचे, गिलावा कापून सांधा मोकळा करायचे, 9,000. दुसरे पश्चिमेच्या भिंतीच्या रंगाचे, 38,000. मेस्त्री रविवारी माप घ्यायला येणार आहेत.