घरच्या फोटोंवरून रंगवायची पानं : गिंप उत्तम, पण फोटो पारखून घ्या

घरातल्यांच्या फोटोंवरून मुलांना रंगवायला पानं करून द्यायची असतील, तर गिंप (GIMP) हे फोटोंवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फोटो आपल्याच संगणकावर राहतो, पोरांचे चेहरे कुठल्या साइटवर चढवावे लागत नाहीत. आमच्या मते ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

एआयवर चालणाऱ्या आयत्या सेवा रेषा गुळगुळीत देतात, पण चेहरा नव्याने काढतात. आजोबांच्या गालावरचा तीळ जातो, आजीचं नाक भलत्याच कुणाचं होतं. गिंप फोटोत आहे तेच उचलतं. म्हणूनच फोटो चुकला की पान बिघडलंच.

गिंपमध्ये रेषा उमटते ती गडद आणि फिकट भागांच्या हद्दीवर. काळ्या केसांमागे काळपट दार असेल तर डोक्याला कडच येत नाही. फिकट भिंतीसमोरचा फोटो घ्या. पैठणीच्या भरजरी पदरावरचे मोर शेवटी काळ्या ठिपक्यांचा चिखल होतात. साधी, रुंद काठाची साडी असेल तर काठाच्या दोन स्वच्छ रेषा मिळतात. गणपतीच्या मखरासमोरचे फोटो सगळ्यांना हवे असतात, पण माळेतला प्रत्येक दिवा वेगळं वर्तुळ होऊन बसतो. मुंडावळ्या चेहऱ्यावर आलेल्या असतील तर गाल उभे चिरले जातात.

उजेड खिडकीसमोरचा किंवा ढगाळ दिवसाचा चांगला. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या भरतात. फ्लॅशमुळे भिंतीवर पडलेली सावली माणसाला दुसरी कड देते. दात दाखवून हसणारा फोटो टाळा: प्रत्येक दाताभोवती रेषा येते आणि चेहरा भेसूर दिसतो. मिटल्या ओठांचं हसू रंगवायला छान.

ए-4 पानावर चारपेक्षा जास्त माणसं नकोत. छापल्यावर चेहरा निदान 4 सेंटीमीटर उंच हवा, नाहीतर डोळ्यांचे नुसते डाग उरतात. 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) पूर्ण पान म्हणजे 2480 × 3508 पिक्सेल, निम्म्यावरही भागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, एरवी तो दाबला जातो आणि कडांभोवती कचरा येतो. जुन्या स्टुडिओ प्रिंटच्या खरखरीत कागदाची जाळी स्कॅनमध्ये उतरते. तसा फोटो आधी हलका ब्लर, म्हणजे धूसर करून घ्यावा.

आता कृती. फोटो कातरा, डिसॅच्युरेट करा (रंग काढून कृष्णधवल करा), लेयरची म्हणजे चित्राच्या थराची ड्युप्लिकेट काढा. वरची लेयर इन्व्हर्ट (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं) करून तिचा मोड, म्हणजे खालच्या लेयरशी मिसळायची पद्धत, डॉज ठेवा. चित्र जवळजवळ पांढरं होईल, घाबरू नका. त्याच लेयरला गॉसियन ब्लर (धूसर करायचा एक फिल्टर) द्या, की रेषा उमटू लागतात. ब्लर वाढवला तर रेषा जाड होतात, पण सावल्याही सोबत येतात. मग लेयर एक करून थ्रेशोल्ड लावा: 0 ते 255 मधल्या निवडलेल्या आकड्यापेक्षा गडद ते काळं, उजळ ते पांढरं होतं. तो मधोमध ठेवला तर बऱ्याच रेषा गायब होतात, कारण डॉजच्या रेषा फिक्या असतात. आकडा 220 च्या पुढे नेऊन पाहा. उरलेले ठिपके पांढऱ्या ब्रशने पुसा आणि तुटलेल्या कडा काळ्याने जोडा. ही हातसफाई कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. हनुवटीची रेषा तुटकी राहिली तर मूल रंग थेट गळ्यात नेतं.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी एकच चेहरा घ्या आणि बाह्यरेषा दीड-दोन मिलिमीटर जाड करा. क्रेयॉनला झेरॉक्सचा 80 जीएसएम (चौरस मीटरला 80 ग्रॅम) कागद चालतो, स्केचपेनला 120 च्या वरचा घ्या, नाहीतर रंग मागे फुटतो. जलरंग वापरणार असाल तर लेझर प्रिंट काढा. साध्या इंकजेटची काळी शाई पाण्याने पसरू शकते.