परदेशी बिल्ल्याची गाडी: ४ वर्षं, ५८ हजार किलोमीटर आणि अण्णांचा प्रश्न

गाडी दारात आली त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिच्याभोवती एक फेरी मारली. बॉनेटवरच्या बिल्ल्यापाशी थांबले आणि म्हणाले, "छान आहे. पण पैसे शेवटी बाहेरच्यांच्या खिशात गेले ना, सूनबाई?" मी हसून वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र गेली चार वर्षं मागच्या सीटवर बसून आहे, म्हणून हा रिव्ह्यू जरा वेगळा होणार.

मी गाड्यांचे रबरी भाग बनवणाऱ्या कारखान्यात कॉस्टिंग बघते. दाराच्या कडेची रबरी पट्टी, वायरी जिथून आत शिरतात तिथले ग्रोमेट, बॉनेटखालचे बफर असला आमचा माल. एका गाडीतला पैसा कुठे कुठे झिरपतो हे रोज आकड्यांत बघत असल्यामुळे अण्णांचं बोलणं मला घरगुती टोमण्यापेक्षा जास्त लागलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे एक रडगाणं आहे, आणि ते कुठल्याही कंपनीच्या गिऱ्हाइकाचं असू शकलं असतं.

आधी गाडी. मध्यम आकाराची पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, मॅन्युअल. क्लच इतका हलका आहे की दुखऱ्या गुडघ्यानंही दोन तासांच्या ट्रॅफिकमध्ये तक्रार केली नाही. सीटला कमरेपाशी बरोबर आधार आहे. एसी दणदणीत. स्टिअरिंग शहरात बोटावर फिरतं, मोठ्या रस्त्यावर थोडं घट्ट होतं, जसं हवं तसं. पण हेडलाइट मंद आहेत, पावसात तर काजवे. डिकीची कड उंच, जड बॅग आत टाकताना कंबर बोलते. आणि पंख्याचा वेग वाढवायला टचस्क्रीनवर दोनदा बोट लावायचं ही कल्पना ज्याच्या डोक्यातून आली त्याला एकदा उन्हात याच गाडीत बसवलं पाहिजे. मायलेज सरासरी १८. टाकी भरल्यावर वहीत लिहून काढलेला आकडा आहे, डॅशबोर्डवरचा नाही. डॅशबोर्ड नेहमी एकदीड किलोमीटर वाढवून सांगतो.

आता बिल्ला. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर एका रविवारी मी अण्णांना गाडीपाशी बोलावलं, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि खांबावरची पट्टी दाखवली. तिथे सतरा अक्षर-आकड्यांचा चेसिस नंबर असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. सुरुवातीच्या अक्षरांवरून बनवणारी कंपनी आणि तिचा देश कळतो: जे म्हणजे जपान, डब्ल्यू जर्मनी, के कोरिया, एक, चार किंवा पाच आकडा असेल तर अमेरिका, तीन असेल तर मेक्सिको. आमच्या गाडीची अक्षरं आपल्याच देशाची निघाली. अण्णांनी चष्मा लावून नंबर दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे बिल्ला त्यांचा, घाम आपला."

मग मी दाराची रबरी पट्टी चिमटीत धरून थोडी ओढली. पट्टी कोपऱ्यात जिथे साच्यात जोडतात, तिथे आतल्या बाजूला साच्याचा नंबर आणि महिन्याचा छोटा गोल शिक्का असतो. गिऱ्हाइकाला तो आयुष्यात दिसत नाही. मला वाटलं होतं आमची खूण सापडेल. निघाली आमच्या प्रतिस्पर्ध्याची! दोन वर्षांपूर्वी ज्यांनी आमची ऑर्डर पळवली, त्यांची. मला वाईट वाटलं, अण्णा खदाखदा हसले. पण पगार इथल्याच कामगारांना मिळाला होता, एवढं त्यांनीही मान्य केलं.

आमच्या कारखान्यात देशी कंपनीची पट्टी आणि परदेशी कंपनीची पट्टी एकाच मिक्सरमधल्या रबराची असते. फक्त डाय, म्हणजे पट्टीला आकार देणारा साचा, वेगळी आणि डिस्पॅचचा ट्रक वेगळा. उलट एक गोष्ट सांगते. परदेशी कंपनीचं काम मिळालं तेव्हा त्यांचा एक माणूस तीन आठवडे आमच्या लाइनवर उभा होता. हजारात किती पट्ट्या नापास होतात एवढंच आम्ही तोवर मोजायचो. तो नापास पट्टी हातात घेऊन प्रत्येक वेळी ऑपरेटरलाच विचारायचा, की हे कुठल्या पायरीवर बिघडलं असेल? पहिल्या आठवड्यात सगळे वैतागले. तिसऱ्या आठवड्यात ऑपरेटर स्वतःहून साचा थांबवायला लागले. ती सवय पुढे देशी कंपनीच्या मालालाही लागली. हा फायदा मला कुठल्याच खात्यात दाखवता आलेला नाही.

जगातही हेच घडलेलं दिसतं. जपानी गाड्यांनी बाजार खाल्ला अशी ओरड अमेरिकेत झाली आणि १९८१ साली जपाननं वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांची मर्यादा स्वतःवर घालून घेतली, म्हणायला स्वेच्छेनं. संख्या बांधली गेल्यावर कंपन्यांनी स्वस्त गाड्यांऐवजी महागड्या पाठवल्या, भुर्दंड अमेरिकी गिऱ्हाइकाला बसला. आणि दुसरीकडे त्या कंपन्या तिथेच कारखाने काढायला लागल्या. १९८२ साली ओहायोतल्या मेरिसव्हिलला होंडाची ॲकॉर्ड बनायला लागली. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सनं १९८२ साली बंद केलेला कारखाना १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा उघडला आणि तिथे शेव्हरलेची नोव्हा आणि टोयोटाची कोरोला अशा दोन्ही गाड्या बनू लागल्या. नोव्हा म्हणजे मुळात कोरोलाच. बिल्ला देशी घ्या नाहीतर परदेशी, गाडी तीच आणि कामगारही तेच. मग नोव्हा घेणारा देशभक्त आणि कोरोला घेणारा नाही, असं कसं म्हणणार?

अण्णांना मी ऑस्ट्रेलियाच्या होल्डनची गोष्ट सांगितली ती त्यांना अजिबात आवडली नाही. १९४८ साली पंतप्रधानांच्या हस्ते लोकांसमोर आलेली 'ऑस्ट्रेलियाची स्वतःची गाडी'. पण कंपनी १९३१ पासून जनरल मोटर्सच्या मालकीची. लोकांनी ती आपली मानली, मालकानं हिशेब मानला आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथला कारखाना बंद झाला. टोयोटाही त्याच महिन्यात गेली, हेही खरं. ब्रिटनमध्ये त्याच्या उलट. निसाननं १९८६ साली संडरलंडला सुरू केलेला कारखाना आजही चालू आहे आणि पक्की ब्रिटिश म्हणवणारी रोव्हर २००५ साली बुडाली. मधल्या काळात तिला जर्मन मालक मिळाला होता. "म्हणजे कुणाचाच भरवसा नाही," अण्णा म्हणाले. नाहीच.

इथवर मी जिंकत होते. मग तिसऱ्या वर्षी स्टिअरिंग जड झालं.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि वळण घेताना हातगाडी ओढल्यासारखं वाटायला लागलं. सर्व्हिस सेंटरमध्ये निदान अर्ध्या तासात झालं: इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचं कंट्रोल युनिट गेलं. वॉरंटीत होतं, पैसे लागणार नव्हते. "पार्टची ऑर्डर टाकलीय मॅडम, वरून येतोय." हे 'वरून' म्हणजे समुद्रापलीकडून हे मला नवव्या दिवशी कळलं. पार्ट यायला २६ दिवस लागले. रोज फोन केला की दर वेळी नवा माणूस तोच जुना निरोप वाचून दाखवायचा. दोन-तीन ओळखीच्या मेकॅनिकना विचारलं. एक म्हणाला, "ताई, जुनं युनिट मी आणून बसवीन, पण गाडी त्याला ओळखणार नाही. ते सॉफ्टवेअर कंपनीच्याच मशीनमध्ये असतं." अखेर खोका आला तेव्हा मी मुद्दाम तो बघायला मागितला. माझ्या दोन्ही तळव्यांत मावेल एवढा डबा, आणि खोक्यावर एकावर एक चिकटवलेली तीन लेबलं. सगळ्यात खालचं ज्या देशाचं होतं तो ना माझा होता, ना त्या कंपनीचा.

त्या डब्यापाशी अण्णांचा प्रश्न मला पहिल्यांदा नीट कळला. गाडीचं लोखंड, रबर, काच, सीट, जोडणीची मजुरी, डीलरचं कमिशन, कर हे सगळं इथंच राहतं, आणि वजनानं बघितलं तर जवळजवळ सगळी गाडी तेवढीच आहे. बाहेर जातो तो मालकाचा नफा, तंत्रज्ञानाची रॉयल्टी आणि या डब्यासारख्या तळहाताएवढ्या वस्तूंची किंमत. आमच्या पट्टीत पैशापैशासाठी घासाघीस होते. या डब्यात किती सुटतात ते मला कॉस्टिंगवाली असून सांगता येणार नाही, कारण त्याचा हिशेब इथं होतच नाही. पण इथे देशी बिल्लेवाल्यांनी फार छाती फुगवू नये. एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं युनिट, एअरबॅगचा सेन्सर, इंजिनचा कॉम्प्युटर जगात मोजक्याच कंपन्या बनवतात आणि देशी गाडीतही बहुतेक वेळा त्यांचाच माल असतो. आयात सुट्या भागांवर कर वाढवला की झळ दोघांनाही बसते. आम्हालाही, कारण आमच्या रबरातला एक घटक बाहेरूनच येतो.

म्हणून माझ्या मते बिल्ल्यापेक्षा खरा प्रश्न हा, की तो डबा बनवायला इथं कोण शिकतंय का. कोरियाच्या ह्युंदाईची पोनी १९७५ साली आली तेव्हा तिचा आकार इटलीच्या जुजारोनं काढलेला होता, इंजिन मित्सुबिशीचं होतं आणि काम उभं करायला ब्रिटिश माणूस आणला होता. 'स्वदेशी' म्हणावं असं त्यात नाव आणि जिद्द एवढंच. पण ते शिकत गेले आणि १९९१ मध्ये त्यांनी स्वतःचं इंजिन बनवलं. मलेशियाची प्रोटॉनही १९८५ मध्ये मित्सुबिशीच्याच गाडीवर उभी राहिली, सरकारनं तिला परदेशी गाड्यांवरच्या करांचं भक्कम कुंपण घालून दिलं, आणि २०१७ साली तिचा ४९.९ टक्के हिस्सा चीनच्या जीलीकडे गेला. नुसत्या कुंपणानं कुणी शिकत नाही, एवढं मला त्यातून दिसतं. अण्णांचं म्हणणं, की कुंपण नसतं तर पोनीही उगवली नसती. कोरियानंही परदेशी गाड्या बरीच वर्षं दाराबाहेर ठेवल्या होत्या. याला माझ्याकडे उत्तर नाही. ते बरोबर आहेत.

मग मी पेट्रोलची वही काढली. ५८ हजार किलोमीटरला १८ च्या सरासरीनं साधारण ३२०० लिटर पेट्रोल लागलं. अण्णांच्या मनात होती ती देशी बिल्ल्याची उंच, दणकट गाडी १३ देते असं धरलं तर साडेचार हजारांच्या आसपास गेलं असतं. बाराशे लिटरचा फरक. ज्या देशाला तेल बाहेरून आणावं लागतं त्याच्यासाठी हे बाराशे लिटर म्हणजे सरळ बाहेर गेलेले पैसे, आणि दर चार वर्षांनी तेवढेच. बिल्ल्यासाठी भांडणारं कुणी मायलेजसाठी भांडताना मी तरी बघितलेलं नाही.

शिकलेले लोक आणखी एक सांगतात, की बाहेर गेलेला पैसा कुठून तरी परत येतोच. परदेशी माणूस तुमचं चलन घेऊन करणार काय, शेवटी तुमचा माल तरी घेणार नाहीतर तुमच्याकडे गुंतवणूक तरी करणार. कागदावर मला ते पटतं. फक्त परत येताना तो आमच्या कारखान्याच्या गेटवर येईल असं नाही, आणि ज्याची कारखान्यातली कामाची पाळी बंद झाली त्याला हे समजावायला मी जाणार नाही.

तर गाडी घ्यावी का? जोडणी देशात होत असेल, इंजिन आणि गिअरबॉक्स देशात बनत असतील तर खुशाल घ्या, अण्णांसारखं कुणी घरात असेल तरी. पेटीबंद सुटे भाग आणून इथं फक्त बोल्ट आवळले जात असतील तर मी घेणार नाही, आणि त्यात देशप्रेमापेक्षा ते २६ दिवस जास्त आहेत. विचारायचं कुणाला ही मात्र पंचाईत. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानं नव्या गाडीवर लेबल लावावं लागतं: अमेरिका आणि कॅनडातले भाग किती टक्के, जोडणी कुठे झाली, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला. तसं लेबल मला हवं आहे. सनरूफपेक्षा जास्त हवं आहे.

मागच्या महिन्यात धाकट्या दिरांची गाडी बघायला गेलो. अण्णांच्या आग्रहानं देशी कंपनीचं शोरूम. मी सेल्समनला विचारलं, "इंजिन कुठे बनतं? आणि स्टिअरिंगचं कंट्रोल युनिट?"

"मॅडम, सनरूफ सगळ्या व्हेरियंटला आहे."

मी पुन्हा विचारलं. तो मॅनेजरला बोलवायला गेला. मागे वळून बघते तर अण्णांनी डिस्प्लेच्या गाडीचं दार उघडलेलं, एक हात सीटवर, चष्मा नाकावर, आणि वाकून खांबावरची अक्षरं एकेक करून वाचत होते.