मुंबईचा फोर्ट की पुण्याच्या पेठा? एका सकाळच्या पायी फेरीसाठी

रविवारची सकाळ मोकळी आहे, जुन्या शहरातून पायी फिरायचं मनात आहे आणि मुंबईचा फोर्ट किंवा पुण्याच्या मधल्या पेठा यांतलं एकच काहीतरी जमणार आहे. अशा वेळी कुठे जावं, असं बरेचजण विचारतात. दोन्हीकडे लोकांना घेऊन फिरत आले आहे, त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकते. एकट्याने, मोबाइलवरचा नकाशा बघत, कुणाला काही न विचारता फिरायचं असेल तर फोर्ट. बरोबर माहितगार माणूस असेल, किंवा अनोळखी माणसांशी बोलायला तुम्हाला संकोच वाटत नसेल, तर पेठा.

याचं कारण या दोन वस्त्यांच्या घडणीतच आहे. फोर्टातल्या मोठ्या इमारती रस्त्यावरून दिसाव्यात, येणाऱ्याजाणाऱ्याने मान वर करून बघावं, याच हेतूने उभ्या राहिल्या. सत्तेला आणि पैशाला आपलं मोठेपण दाखवायचं होतं. पेठांमधलं घर मात्र रस्त्याकडे पाठ करून बसतं. बाहेरून एक साधी भिंत आणि दिंडी दरवाजा. चौक, ओसरी, कोरीव खांब, महिरपी सगळं आत. दार उघडलं नाही तर अर्धी पेठ न बघताच तुम्ही परत येता.

फोर्टात काय हाती लागतं

नाव फोर्ट असलं तरी तट शोधू नका. १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तो पाडला गेला. त्याला तीन दरवाजे होते: अपोलो, चर्च आणि बझार. चर्चगेट स्टेशनला आजही त्यातल्याच एकाचं नाव आहे. त्यातलं चर्च म्हणजे १७१८ साली उपासनेला खुलं झालेलं सेंट थॉमस. मुंबईतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांचे मैल तिथून मोजले जात. तट गेला आणि जी मोकळी जागा मिळाली तिच्यावर पुढच्या दोन-तीन दशकांत आज आपण बघतो ती मुंबई उभी राहिली. एवढं डोक्यात ठेवून निघालात तर या इमारती इतक्या एकाच वयाच्या का दिसतात, ते वेगळं कुणी सांगायला नको.

सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या आराखड्यावर १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ पासून हे स्थानक जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक लोक घुमटाचा फोटो काढून पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूला वाघ: एक ब्रिटनचा, एक हिंदुस्थानचा. भिंतीवरची पानं, पक्षी, प्राणी जवळ जाऊन बघा. हे कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. आराखडा साहेबाचा असला तरी दगडातले मोर आणि माकडं इथल्या पोरांनी घडवली, हे मला फार मोलाचं वाटतं. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेकडे चालत निघायचं. इथल्या फुटपाथवर सलग कमानींचं छप्पर आहे, त्यामुळे पावसाळ्यातही ही फेरी करता येते.

हुतात्मा चौकात थांबाच. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, पोर्टलंडच्या दगडाचं. मूळ बेत ते राणीच्या बागेत बसवण्याचा होता. पण मराठी माणसाने तिथे त्या दगडी फ्लोरा देवीपेक्षा शेजारच्या स्मारकाकडे आधी वळावं. मशाल हाती घेतलेले शेतकरी आणि कामगार तिथे उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला. फोर्टाच्या फेऱ्यांमध्ये फ्लोरावर दहा मिनिटं बोलून स्मारकाला अर्धं वाक्य देणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत, आणि ते मला दर वेळी खटकतं. हे शहर महाराष्ट्राचं कसं झालं, ती गोष्ट याच चौकातली आहे. मुलं बरोबर असतील तर ती तिथेच उभं राहून सांगा.

चौकापासून हॉर्निमन सर्कल जवळच आहे. गोलाकार बाग, भोवती एकसारख्या इमारती, एका बाजूला १८३३ साली पुरा झालेला टाउन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक सोसायटी. तिच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढणाऱ्यांची कायम गर्दी असते. ‘मुंबई समाचार’ची लाल इमारतही इथेच, हे वर्तमानपत्र १८२२ पासून निघतं आहे.

उरलेला वेळ ओव्हल मैदानाला द्या. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको या शैलीतल्या इमारतींची रांग. एका बाजूला एकोणिसावं शतक, दुसऱ्या बाजूला विसावं. २०१८ मध्ये या दोन्ही रांगा मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या. राजाबाई टॉवर १८७८ चा, सुमारे ८५ मीटर उंच. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं. वरच्या अंगाला पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. साध्या डोळ्यांना ते नीट दिसत नाहीत, म्हणून दुर्बीण नेली तर चीज होतं. शेजारच्या उच्च न्यायालयातच १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

सीएसएमटी ते ओव्हल आणि तिथून चर्चगेट, एवढं दोन-अडीच तासांत आरामात होतं. गेटवे या फेरीत घालू नका. तिथली गर्दी सकाळचा सगळा निवांतपणा खाऊन टाकते.

पेठांत काय हाती लागतं

पेठांत अंतर कमी आहे, पण वेळ जास्त लागतो. शनिवारवाडा ते मंडई जेमतेम एक-दीड किलोमीटर, तरी तीन तास पुरत नाहीत, कारण पावलापावलावर थांबावं लागतं.

शनिवारवाड्यापासून सुरुवात करणं सोयीचं, पण एक गोष्ट मनाशी ठरवून जा: तिथे वाडा नाही. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० ला पायाभरणी केली, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं. आता उरले आहेत तट, बुरूज, पाच दरवाजे, जोती आणि कारंज्याचे हौद. दिल्ली दरवाजावरचे खिळे मात्र हात लावून बघण्यासारखे आहेत. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते किती उंचीवर ठोकले आहेत, ते बघा आणि हत्तीचं कपाळ कुठे येईल, याचा मुलांना अंदाज करायला लावा. नारायणरावाच्या खुनाची गोष्ट, ३० ऑगस्ट १७७३ ची, कुणी ना कुणी सांगतंच. भुताच्या कहाण्यांना मात्र थारा देऊ नका. राज्याच्या गाभ्यातच झालेल्या त्या खुनाने मराठ्यांचं राजकारण कसं फिरलं, ते त्या कहाण्यांपेक्षा कितीतरी भयंकर आहे.

जवळचा लाल महाल मूळचा नाही, अलीकडच्या काळात नव्याने बांधलेला आहे. मुलांना ते आधीच सांगावं. शायिस्तेखानावरचा १६६३ चा छापा याच जागेवरचा, पण या भिंतींनी तो पाहिलेला नाही. मग कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत. जिजाऊंनी हे देऊळ उभारलं अशी परंपरा आहे. इथून पुढे आपण शहराच्या सगळ्यात जुन्या भागात असतो आणि माझ्या मते खरी फेरी इथेच सुरू होते.

तांबट आळी आधी कानांना सापडते. ठक-ठक-ठक असा एका लयीतला आवाज येतो आणि त्याच्या मागे गेलं की कारागीर दिसतो. लोखंडी दांड्यावर तांब्याचं भांडं अडकवलेलं, डाव्या हाताने ते किंचित किंचित फिरवायचं आणि उजव्या हाताने हातोडी. प्रत्येक घावाची खळगी आधीच्या खळगीला चिकटून पडली पाहिजे. मध्ये फट राहिली की लगेच डोळ्यांना टोचते. याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेचं नाही, ठोकल्याने पत्रा कडक होतो आणि भांडं टिकतं. पेशवाईत इथे वसलेल्या घराण्यांची ही कला आहे. कारागिराला काम थांबवायला लावू नका. हातातलं भांडं पुरं झालं की तो आपणहून बोलतो. फोर्टात असं काही नाही. तिथे ज्यांनी दगड घडवला ती माणसं कधीच निघून गेली. इथे घडवणारा हात समोर आहे.

पुढे बुधवार पेठ. दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडेवाड्याची जागा आहे. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा इथे सुरू केली. जुनी इमारत २०२३ मध्ये पाडली गेली, राष्ट्रीय स्मारकासाठी. बघायला जुनं काही उरलेलं नसलं तरी हा थांबा गाळू नये. समोर दर्शनाची रांग असते, त्या रांगेतल्या किती बायका शिकलेल्या आहेत, याकडे एकदा नजर टाकावी.

विश्रामबागवाडा ही पेठांची फोर्टाला टक्कर देणारी एकमेव दर्शनी बाजू. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. सज्जाचं लाकूड, सुरूच्या आकाराचे खांब, वरची केळफुलं, हे सगळं रस्त्यावरूनही दिसतं. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली, तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज आलं.

तुळशीबागेत लोक खरेदीला जातात आणि राममंदिर न बघताच परततात. नारो अप्पाजी खिरे यांनी बांधलेल्या या देवळाचं शिखर बाजाराच्या छपरांमुळे दिसतच नाही. आतल्या पटांगणात गेलं की एकदम समोर येतं. शेवट मंडईत. १८८६ ची ही अष्टकोनी इमारत, तेव्हाचं नाव रे मार्केट. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला द्यावा असं त्यांचं म्हणणं होतं. आज मंडईला त्यांचंच नाव आहे.

पाय अजून चालत असतील तर सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. अठराव्या शतकातल्या या छोट्या काळ्या दगडी देवळाच्या दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडाने बांधणारे इंग्रज शिपाई कोरलेले आहेत. असं शिल्प तुम्हाला सहज दुसरीकडे सापडणार नाही.

चालणाऱ्याच्या सोयी

फोर्ट इथे सरळ सरस आहे. रुंद फुटपाथ, रविवारी सकाळी जवळजवळ रिकामे रस्ते, बसायला बाग आणि मैदान. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन जायचं असेल तर दुसरा विचारच नको. फक्त एशियाटिकच्या पायऱ्या त्यांना खालूनच दाखवा. पेठांत फुटपाथवर दुचाक्या उभ्या असतात, गल्ल्या अरुंद आहेत, जुन्या वाड्यांचे उंबरे उंच आणि जिने काळोखी. लहान मुलाचा हात सोडता येत नाही. सकाळी साडेसातला निघून दहाच्या आत लक्ष्मी रस्ता ओलांडला तर बरंच सुसह्य होतं. गाडी नेऊ नका. मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरून मंडई स्थानकावर परतीची गाडी धरता येते, आणि फोर्टाला लोकल आहेच.

वारही बघून ठरवा. फोर्ट रविवारी उत्तम, पण तेव्हा कार्यालयं बंद असल्याने बहुतेक सगळं बाहेरूनच बघायचं. तांबट आळीत हातोडी ऐकायची असेल तर कामाचा दिवस गाठा.

मग कुठे?

परदेशातून आलेले पाहुणे, वास्तुकलेचे विद्यार्थी, छायाचित्रकार, हाताशी दोनच तास असलेले, यांनी फोर्टला जावं. तिथे निराशा होणं कठीण.

पण तुमच्याकडे खरोखर निवड असेल, दोन्ही शहरं आवाक्यात असतील आणि पहिल्यांदा कुठे जायचं एवढाच प्रश्न असेल, तर मी आग्रहाने सांगेन की आधी पेठांत जा. फोर्टाला १९९५ पासून वारसा नियमावलीचं आणि आता जागतिक यादीचं कवच आहे. राजाबाई टॉवर दहा वर्षांनी गेलात तरी तिथेच असेल. वाड्यांचं तसं नाही. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे किती वाडे बसले; जे वाचले त्यांत मालक आणि भाडेकरू यांचं जुळत नाही, मिळणाऱ्या भाड्यात कौलंही शाकारून होत नाहीत, आणि मग एक दिवस वाड्याच्या जागी पार्किंगवरची सहा मजली इमारत उभी राहते. यात कुणा एकाचा दोष नाही. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला वारशाचे धडे देणं मला पटत नाही. पण बघायचं असेल तर आत्ता बघायला हवं.

जाताना एवढं करा. पेठांसाठी त्याच भागात वाढलेला माणूस शोधा: ओळखीतले आजोबा, एखादा इतिहासाचा शिक्षक, किंवा पेठांची फेरी नेमाने घडवणारा गट. गट दहा-बारा जणांपेक्षा मोठा नसावा, कारण कुठल्याही वाड्याच्या चौकात त्याहून जास्त माणसं शिरली की घरच्यांना त्रास होतो आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही. दारात कुणी बसलं असेल तर आधी विचारा, “काका, चौक बघितला तर चालेल का?” बहुतेक वेळा “या की” असं उत्तर येतं. चपला बाहेर काढा आणि घरातल्या माणसांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.