किंग बेटाचा सागरी वारसा मार्ग: सुरुवात कॅटाराकीपासून करावी

ऑस्ट्रेलियाची मुख्यभूमी आणि टास्मानिया यांच्यामधल्या बास सामुद्रधुनीच्या पश्चिम तोंडाशी असलेल्या किंग बेटावर आजवर 60 हून अधिक जहाजे फुटली आहेत. त्यांतील महत्त्वाच्या अपघातांच्या जागा माहितीफलकांनी जोडून बेटावर एक सागरी वारसा मार्ग आखलेला आहे. या मार्गावर फुटक्या जहाजाचे सांगाडे पाहायला मिळतील, अशा अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होईल, कारण बहुतेक ठिकाणी समोर खडक, फेसाळ पाणी आणि एक फलक एवढेच असते. तरीही हा मार्ग पाहण्यासारखा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अट एवढीच, की तो नकाशाच्या क्रमाने न पाहता घटनांच्या क्रमाने पाहावा.

त्यासाठी सुरुवात नैर्ऋत्य किनाऱ्यावरील फिट्झमॉरिस उपसागरापासून करावी. लिव्हरपूलहून 1845 च्या एप्रिलमध्ये स्थलांतरितांना घेऊन मेलबर्नकडे निघालेले कॅटाराकी हे जहाज 4 ऑगस्टच्या पहाटे येथील खडकावर आदळले. ढगाळ, वादळी हवेमुळे कित्येक दिवस सूर्याचा वेध घेता आला नव्हता आणि जहाज नेमके कुठे आहे, हे कप्तान फिनले याला केवळ अंदाजाने ठरवावे लागत होते. आदल्या संध्याकाळी त्याने सावधगिरीने जहाज थोपवून धरले होते. पहाटे तीनच्या सुमारास, किनारा अजून पुष्कळ दूर आहे अशा समजुतीने, ते पुन्हा मार्गाला लावले आणि अवघ्या दीड तासात मुसळधार पावसात, मिट्ट काळोखात ते खडकावर चढले. सुमारे 400 माणसे गेली. वाचली फक्त नऊ, आणि त्यांत स्थलांतरितांपैकी सॉलोमन ब्राउन हा एकटाच होता. बाकीचे आठ जण खलाशी होते. सीलच्या शिकारीवर गुजराण करणाऱ्या डेव्हिड हाउई याला हे लोक सापडले, म्हणून ते तगले. किनाऱ्यावर लागलेली प्रेते सामूहिक कबरींत पुरण्यात आली. त्या उपसागराशी उभे राहिले, की जमीन किती जवळ होती हे दिसते, आणि एवढ्या जवळच्या जमिनीवर एवढी माणसे का पोहोचू शकली नाहीत, हे तेथील लाटाच सांगतात. फलकाचा मजकूर त्यापुढे अपुरा वाटतो, परंतु तो दोष फलकाचा नव्हे.

यानंतर थेट उत्तर टोकाला, केप विकमच्या दीपगृहाकडे जावे. बेटाची लांबी सुमारे 64 किलोमीटर आहे, त्यामुळे ही चाल वेळखाऊ आहे. पण त्यातच या मार्गाचे मर्म आहे. ब्रिटनहून येणारी जहाजे हजारो मैल जमिनीचे दर्शन न घेता येत आणि मुख्यभूमीवरचे केप ऑटवे व किंग बेट यांच्यामधल्या जेमतेम 80-90 किलोमीटरच्या फटीतून त्यांना आत शिरावे लागे; नाविक याला ‘सुईत दोरा ओवणे’ म्हणत. कॅटाराकीनंतर, 1848 मध्ये, ऑटवेला दिवा लागला आणि 1861 मध्ये विकमचे 48 मीटर उंचीचे दगडी दीपगृह उभे राहिले. मात्र नव्या दिव्याने नवा घोळ घातला. विकमचा दिवा ऑटवेचा समजणारा कप्तान त्याच्या दक्षिणेकडून वाट काढू पाहणार, आणि दक्षिणेला तर बेटच! पश्चिम किनाऱ्यावरचे अपघात थांबले नाहीत. 1874 मध्ये ब्रिटिश ॲडमिरल हे जहाज 79 माणसांसह गेले. अखेर 1880 मध्ये याच किनाऱ्यावरच्या करी या गावी लोखंडी दीपगृह सुरू झाले.

मार्गातली उणीव इथेच जाणवते. प्रत्येक फलक आपापल्या जहाजापुरता बोलतो. चुकीतून दिवा आणि दिव्यातून पुन्हा चूक, हा धागा पाहणाऱ्याला स्वतःच जुळवावा लागतो. करीतील दीपगृहाशेजारचे छोटे स्थानिक संग्रहालय ही कसर काही अंशी भरून काढते, मात्र त्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

बेटावर सार्वजनिक वाहतूक नाही, त्यामुळे भाड्याची गाडी विमानाच्या तिकिटाबरोबरच ठरवावी; आतले पुष्कळ रस्ते खडीचे आहेत. वेळ कमी असेल तर नेदरबीचा थांबा वगळू नये. 1866 मध्ये फुटलेल्या या जहाजावरचे साडेचारशेच्या आसपास प्रवासी आणि खलाशी सगळेच्या सगळे वाचले होते, आणि कॅटाराकी पाहून झाल्यावर ही हकीकत वाचताना दोन्ही जागांमधला फरक शोधावासा वाटतो.