नवा डायवर की जुना? विम्याच्या बाजूने पाहिलं तर

दोन-चार ट्रक असलेल्या मालकापुढे हा प्रश्न अधूनमधून येतोच. डायवर गावी गेला तो परतला नाही, गाडी उभी आहे, बँकेचा हप्ता चालू आहे आणि कामाला दोन माणसं तयार आहेत. एक पंचविशीच्या आतला, हेवी लायसन्स नुकतंच हातात पडलेला. दुसरा पंधरा-वीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला, साहजिकच पगार जास्त मागणारा. मालकाचा पहिला सवाल ठरलेला: "नवा पोरगा ठेवला तर इन्शुरन्स वाढेल ना?"

आपल्याकडे नाही वाढत. डायवर नवा आहे म्हणून पॉलिसीचा हप्ता एक रुपयानेही बदलत नाही.

हा समज बहुधा अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांच्या व्हिडिओंमधून आला असावा. तिकडे तो खराच आहे. छोट्या कंपनीकडे विमा कंपनी प्रत्येक डायवरचं नाव आणि जुनं रेकॉर्ड मागते, आणि दोन वर्षांचा अनुभव नसेल तर बऱ्याचदा नाव यादीत घ्यायलाच तयार नसते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेण्यासाठी कायद्याने 21 वर्षं पुरतात, पण विमा कंपनीची अट त्याहून कडक. साध्या मालाच्या गाडीलाही किमान साडेसात लाख डॉलरचं थर्ड पार्टी संरक्षण, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, लागतं. हा आकडा 1985 पासून तसाच आहे. परिणाम असा की नवशिक्यांना बहुतेक मोठ्या कंपन्याच घेतात, कारण त्या स्वतःची ट्रेनिंग शाळा चालवू शकतात आणि नुकसानीचा मोठा वाटा स्वतःच्या अंगावर घेऊ शकतात. पाच गाड्यांच्या मालकाला इच्छा असूनही नवा माणूस घेता येत नाही.

भारतात विमा गाडीचा असतो, डायवरचा नव्हे. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तोही गाडीच्या एकूण वजनावर. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात भाड्याने चालणाऱ्या मालगाडीला साडेसात टनांपर्यंत 16,049 रुपये, 12 ते 20 टनांना 35,313 आणि 20 ते 40 टनांना 43,950 रुपये आहेत, जीएसटी वेगळा. या तक्त्यात डायवरच्या वयाचा किंवा अनुभवाचा रकानाच नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता कंपनी ठरवते, पण तिथेही आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), गाडीचं वय, नोंदणीचा झोन आणि मागचे क्लेम बघितले जातात. स्टिअरिंगवर कोण बसणार, हे पॉलिसी काढताना कोणी विचारत नाही.

ते विचारलं जातं अपघात झाल्यावर.

लायसन्सच्या बाबतीत नवा पुढे

मोठ्या अपघातात गाडी जागेवरून हलवण्याआधी स्पॉट सर्व्हे होतो. विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर फोटो काढतो आणि कागद मागतो: आरसी, फिटनेस, परमिट, बिल्टी (मालाची पावती) आणि त्या वेळी गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स. ते कोणत्या वर्गाचं आहे, त्या तारखेला चालू होतं का, खरं आहे का, एवढंच तो बघतो. वीस वर्षांचा अनुभव तिथे कोणी मोजत नाही. म्हणून मी गाडीमालकांना सांगतो की लायसन्सची मुदत संपलेला जुना डायवर हा स्वच्छ कागदाच्या नव्या पोरापेक्षा पॉलिसीला जास्त घातक. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांचं असतं. जुनी माणसं नूतनीकरण विसरतात, आणि काहींचं लायसन्स कुठल्यातरी लांबच्या आरटीओचं असतं, ज्याचा ऑनलाइन पत्ताच लागत नाही. नव्या पोराचं लायसन्स लहान गाडीपासून पायरीपायरीने निघालेलं असतं आणि सरकारच्या सारथी पोर्टलवर नंबर व जन्मतारीख टाकली की दोन मिनिटांत समोर येतं.

सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या स्वर्णसिंग निकालात मालकाला थोडा आधार दिलेला आहे. त्याने लायसन्स पाहिलं, वाजवी खबरदारी घेतली, आणि पुढे ते बोगस निघालं, तर तेवढ्यावरून कंपनीला हात झटकता येत नाहीत. मालकाचा हलगर्जीपणा तिला सिद्ध करावा लागतो. पण रात्री डायवर झोपला आणि बिनलायसन्सच्या क्लीनरने गाडी हाणली, मालकालाही ते ठाऊक होतं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा 'पे अँड रिकव्हर' होतं. कंपनी जखमींना पैसे देते आणि तेच पैसे मालकाकडून वसूल करते. गाडीचं स्वतःचं नुकसान तर मिळतच नाही.

साडेसात टनांपर्यंतच्या गाड्यांचा प्रश्न आता सुटला आहे. 6 नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की लहान वाहनाचं लायसन्स असलेला माणूस 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही. पिकअप, छोटा हत्ती यांच्यासाठी नवी पोरं घ्यायला विम्याची आडकाठी उरली नाही ती यामुळे. घातक माल मात्र यात धरायचा नाही. त्याचं प्रशिक्षण आणि लायसन्सवरची नोंद वेगळी लागते.

खरचटण्याच्या खर्चात जुना पुढे

नवा डायवर गाडी दरीत घालतो असं क्वचितच. तो बंपर घासतो, गोडाऊनच्या कोपऱ्यावर मडगार्ड वाकवतो, रिव्हर्सला हेडलाइट फोडतो. आणि व्यावसायिक गाडीच्या साध्या पॉलिसीत नेमकं हेच बसत नाही: दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंग. त्यासाठी आयएमटी 23 नावाची जोड जादा हप्ता भरून घ्यावी लागते. ती घेतली तरी प्लास्टिक-रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो.

शिवाय नो क्लेम बोनस. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते, आणि एका क्लेमला ती शून्यावर येते. मग पुन्हा 20, 25, 35, 45 अशी चढण. समजा तुमचा मूळ हप्ता 60,000 आहे. क्लेमनंतर पहिल्या वर्षी 30,000 जादा जातात, मग 18,000, 15,000, 9,000 आणि 3,000. एकूण 75,000. गाडी जुनी होते तसा आयडीव्ही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. म्हणजे पन्नास हजारांच्या नुकसानीचा क्लेम करणं बहुतेक वेळा आतबट्ट्याचंच, आणि शहाणा मालक तो खिशातूनच भरतो. नव्या डायवरचा खरा विमाखर्च हा असा, पॉलिसीवर कुठेही न दिसणारा. जुन्याला तीन-चार हजार पगार जास्त देताना मालक कुरकुरतो, पण वर्षाचे ते छत्तीस ते अठ्ठेचाळीस हजार या हिशेबाशेजारी ठेवून बघितले तर फारसे महाग वाटत नाहीत.

नुसता थर्ड पार्टी असलेल्या जुन्या गाडीला तर हे दुप्पट लागू. तिथे प्रत्येक डेंट तुमचाच.

मोठा अपघात

इथे दोघांत कागदोपत्री फरक नाही. समोरच्याच्या मृत्यूची किंवा दुखापतीची भरपाई मोटार अपघात दावा लवाद ठरवेल तेवढी कंपनी देते; मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. टोलनाका किंवा एखादी महागडी गाडी उडवली तर वरचे पैसे मालकाचे. बोरघाटात, खंबाटकीत, कसाऱ्यात भरलेली गाडी न्यूट्रलवर सोडायची नाही, गिअरवर उतरवायची, हे अंगी मुरायला वेळ लागतो. एकापाठोपाठ मोठे क्लेम आले की पुढच्या वर्षी कंपनी सूट काढते किंवा स्वतःच्या नुकसानीचा विमा द्यायलाच कां-कूं करते.

म्हणून माझं मत असं. शहरातल्या फेऱ्या, साडेसात टनांच्या आतली गाडी, ठरलेला रस्ता असेल तर नवा बिनधास्त घ्या. लांबच्या रूटवर तो दुसरा डायवर म्हणून जुन्याबरोबर जाऊ द्या. पूर्वी हे शिक्षण क्लीनरकी करताना आपोआप व्हायचं, आता बऱ्याच गाड्यांवर क्लीनरच नसतो. भोसरीच्या आयडीटीआरसारख्या चालक प्रशिक्षण संस्थेत शिकलेला असेल तर जास्त चांगलं. चौदा चाकी आणि घाट असेल तर जुनाच, पण लायसन्सची तारीख तपासून. एकाच गाडीचा मालक असाल तर नव्याच्या नादी लागू नका. गाडी गॅरेजला उभी राहिली तर त्या दिवसांचं भाडं कुठलीच साधी पॉलिसी देत नाही.

दोघांपैकी कोणालाही ठेवा, पॉलिसीत पगारी चालकाच्या कायदेशीर जबाबदारीचे 50 रुपये भरलेत का ते बघा. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा फक्त मालकाला लागतो, पगारी डायवरला नाही, आणि हे निम्म्या मालकांना माहीत नसतं. ती 50 रुपयांची ओळ पॉलिसीत नसेल तर नूतनीकरणाची वाट न बघता कंपनीला लेखी कळवून वाढवून घ्या.