नारायणराव की रँड? कालप्रवासाच्या श्रुतिकेसाठी खून निवडताना

गोष्ट अशी: इतिहासातला एक खून टाळायला भविष्यातून कुणीतरी पुण्यात उतरलाय आणि तो खून ठरल्याप्रमाणे होऊ देणं हे तुमच्या नायिकेचं काम आहे. खून कोणता घ्यायचा, शनिवारवाड्यातला की गणेशखिंड रस्त्यावरचा?

नुसत्या आवाजाचा विचार केला तर पुण्याचा प्लेग अधिकारी रँड सरस. २२ जून १८९७, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र. गव्हर्नमेंट हाऊसमधून, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून, परतणाऱ्या घोडागाड्या, आणि अंधारात दामोदर चापेकरांची खुणेची हाक, ‘गोंद्या आला रे!’ ही हाक कुणी क्षणभर आधी दिली तरी इतिहास वेगळा. श्रुतिकेला याहून चांगली कळ मिळणार नाही. त्यात रँड लगेच गेला नाही. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट मेला, रँड मात्र ३ जुलैपर्यंत जगला. हे अकरा दिवस लेखकाला सोन्यासारखे आहेत. रस्त्यावर हरलेला घुसखोर पेनिसिलिन घेऊन थेट रुग्णाच्या उशाशी पोचू शकतो.

नारायणरावाच्या खुनात ‘ध’चा ‘मा’ आड येतो. एक तर ती आख्यायिका, त्यात खाडाखोड डोळ्यांनी बघायची गोष्ट. कानाला फक्त बोरूची कुरकुर ऐकू येणार. तो प्रसंग सरळ गाळा. तरीही ३० ऑगस्ट १७७३ची ती दुपार उरतेच: वाड्यात गणपती बसलेले, थकलेल्या पगारासाठी गारद्यांचा गलका, दालनादालनांतून धावणारी पावलं आणि ‘काका, मला वाचवा’. पेशवा होता अवघा अठरा वर्षांचा.

इथेच माझं मत ठरतं. रँडचा खून होऊ द्यायला पुणेकर श्रोता एका पायावर तयार असतो. प्लेगच्या तपासणीच्या नावाखाली घराघरांत झालेली दांडगाई तो विसरलेला नाही. नायिकेला मनाविरुद्ध काही करावंच लागत नाही. टोचेल तो आयर्स्ट. रँडच घेणार असाल तर निम्मं नाटक त्याला द्या. नारायणरावाच्या वेळी मात्र दाराची कडी तिच्या हाताशी आहे. ती काढली तर पोरगा वाचेल. मग बारभाईंचं कारस्थान नाही, राघोबा इंग्रजांच्या दारात जाणार नाही, १७७५चा सुरतेचा तहही नाही. हे सगळं माहीत असूनही श्रोत्याला वाटलं पाहिजे, काढ गं ती कडी! म्हणून मी नारायणराव घेईन.

ध्वनिमुद्रणाचं म्हणाल तर शनिवारवाड्यात जाऊन उपयोग नाही. १८२८च्या आगीनंतर आतल्या महालांची जोतीच राहिली, आणि बाहेर अखंड हॉर्न. पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याचा लाकडी जिना शोधा आणि नारायणरावाचं काम करणाऱ्या मुलाला त्यावरून अनवाणी पळवा. तो खरोखर धापा टाकू लागला की मगच ‘काका’ म्हणू द्या.